मों-सें-मिशेल : मुक्काम करूनच पाहावा असा मठ

फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, कुएनों नदीच्या मुखाशी असलेल्या, माथ्यावर मध्ययुगीन मठ आणि पायथ्याशी तटबंदीचे छोटे गाव असलेल्या मों-सें-मिशेल या बेटावर वर्षाकाठी सुमारे तीस लाख लोक येतात आणि त्यांतील फार मोठा भाग सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतच येतो. या बेटाबद्दल ‘गर्दीच फार’ असा जो निराशेचा सूर ऐकू येतो, त्याचे मूळ बेटात नसून या पाच तासांत आहे, असे माझे ठाम मत आहे. पॅरिसहून बसने एका दिवसात जाऊन येण्याच्या ज्या सहली विकल्या जातात, त्यांत जाण्यायेण्याचे प्रत्येकी चार तासांहून अधिक प्रवासातच सरतात आणि नेमक्या सर्वांत दाट गर्दीत माणूस बेटाच्या दाराशी उतरतो. म्हणून अशी सहल मी कोणालाही सुचवणार नाही. एक रात्र जवळपास मुक्काम करावा, एक संध्याकाळ आणि एक सकाळ बेटाला द्यावी.

मुक्कामाचा आग्रह धरण्यामागे गर्दीइतकेच दुसरेही कारण आहे, ते भरतीचे. या उपसागरात भरती-ओहोटीतील फरक मोठ्या उधाणाच्या वेळी चौदा मीटरच्या आसपास जातो. युरोपात इतका फरक फारच थोड्या ठिकाणी आढळतो. हाजी अलीचा रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो हे मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. इथे मात्र पाणी मैलोन्‌मैल मागे हटते आणि तितक्याच अंतरावरून परत येते. फ्रान्समध्ये भरतीचा जोर 20 ते 120 या दरम्यानच्या गुणांकाने सांगतात. गुणांक 110 च्या पुढे गेला की मुख्य भूमीला जोडणाऱ्या पुलाचे बेटाकडील टोकही काही काळ पाण्याखाली जाते आणि बेट खऱ्या अर्थाने बेट होते. अमावास्या-पौर्णिमेनंतर साधारण दीड-दोन दिवसांनी उधाणाचा जोर सर्वाधिक असतो, आणि मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास तो वर्षभरात सर्वांत मोठा होतो. यातील कळीची गोष्ट अशी की, या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाची भरती सकाळी आणि संध्याकाळी येते. भर दुपारी तेव्हा ओहोटी असते. दुपारच्या सहलीतून आलेल्यांना केवळ वाळू आणि चिखल दिसतो तो यामुळेच. भरतीचे तक्ते आधीपासून प्रसिद्ध होत असतात. तारीख ठरवताना विमानाच्या तिकिटाबरोबरच तेही पाहावेत आणि मोठ्या भरतीच्या दिवशी किमान दोन तास आधी तटबंदीवर जाऊन जागा धरावी.

पोहोचण्याची व्यवस्था मला चोख वाटली. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान गाडीने सुमारे दीड तासात रेन या शहरात पोहोचता येते आणि तेथून बेटासाठीची बस तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ घेते. मोटारीने येणाऱ्यांना वाहनतळ बेटापासून अडीच किलोमीटर अलीकडे, मुख्य भूमीवर मिळतो. तेथून मोफत बस रात्री उशिरापर्यंत धावतात. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी जाताना तरी चालत जावे. पाऊण तासाच्या आतले ते अंतर आहे आणि बेट हळूहळू मोठे होत जाताना पाहण्याची संधी बसच्या खिडकीतून मिळत नाही. हा खांबांवरचा पूल 2014 मध्ये खुला झाला. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, येथे भरावाचा रस्ता होता; त्याने पाण्याचा प्रवाह अडवला, गाळ साचत गेला आणि बेट हळूहळू जमिनीला चिकटण्याच्या मार्गावर आले. कुएनों नदीवर 2009 मध्ये कार्यान्वित झालेले धरण भरतीचे पाणी धरून ठेवते आणि ओहोटीच्या वेळी सोडून गाळ समुद्राकडे लोटते. भराव काढून टाकून, वाहनतळ मागे नेऊन एका वारसास्थळाभोवतीचा समुद्र परत आणणाऱ्या या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता मठाविषयी. गावात आणि तटबंदीवर फिरण्यास तिकीट नाही. तिकीट लागते ते केवळ वरच्या मठासाठी, आणि ते वेळ निश्चित करून अधिकृत संकेतस्थळावर आधीच काढावे. मे ते ऑगस्ट या काळात मठ सकाळी नऊला उघडतो, उरलेल्या वर्षात साडेनऊला. बंद होण्याच्या तासभर आधी प्रवेश थांबतो. 1 जानेवारी, 1 मे आणि 25 डिसेंबर या दिवशी तो पूर्ण बंद असतो, आणि 1 मे हा दिवस आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत येत असल्याने तो विशेष लक्षात ठेवावा. पहिली वेळ किंवा शेवटच्या दोन तासांतली वेळ, याखेरीज तिसरी वेळ निवडू नये.

परंपरा सांगते की 708 मध्ये आव्रांशचे बिशप ओबेर यांनी देवदूतांतील श्रेष्ठ अशा महादूत मिखाएलच्या दृष्टान्तानंतर या खडकावर पहिले प्रार्थनास्थळ उभारले. माहीमचे सेंट मायकल चर्च ज्यांच्या नावाचे आहे, तेच हे महादूत. बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे संन्यासी येथे 966 मध्ये आले आणि आजच्या चर्चचे बांधकाम 1023 मध्ये सुरू झाले. खडकाचे टोक सपाट न करता त्याच्या भोवती तळघरे रचून, त्यांच्या छतावर चर्चचा भार तोलला आहे. ही रचना डोळ्यांसमोर असल्याशिवाय मठ कळत नाही, आणि पाहण्याचा ठरलेला मार्ग वरून खाली उतरत जातो म्हणून ती आधीच वाचून यावी. आज ऐकू येणारे वर्णन पुष्कळदा केवळ चर्चच्या टोकदार शिखराचे असते. परंतु ते शिखर आणि त्यावरचा मिखाएलचा सोनेरी पुतळा 1897 चा, म्हणजे संपूर्ण वास्तूत सर्वांत अलीकडचा भाग आहे.

खरा वेळ द्यावा तो उत्तरेकडील ‘मेर्वेय’ या तीन मजली गॉथिक इमारतीला. तिचे बांधकाम तेराव्या शतकाच्या आरंभीचे. तळाशी यात्रेकरूंना दानधर्म करण्याची खोली आणि कोठार, मधल्या मजल्यावर प्रतिष्ठित पाहुण्यांची आणि संन्याशांच्या कामाची दालने आणि सर्वांत वर संन्याशांचा विहार (भोवती कमानींची ओवरी असलेले अंगण) व भोजनगृह, अशी समाजाची उतरंडच दगडात बांधली आहे. विहारात पोहोचल्यावर प्रथम खांबांकडे पाहावे. बोटभर रेखीव कोरीवकाम असलेल्या कमानींना पेलणारे ते सडपातळ खांब दोन ओळींत आहेत, परंतु समोरासमोर नाहीत. मागच्या ओळीतला प्रत्येक खांब पुढच्या दोन खांबांमधल्या फटीत येतो. त्यामुळे चालताना रांग सतत हलल्यासारखी भासते आणि इतक्या उंचीवर, खालच्या दालनाच्या छतावर असलेल्या या बांधकामाचा भारही हलका राहतो. पश्चिमेच्या तीन कमानी थेट समुद्राकडे उघडतात. त्यांच्यापलीकडे सभागृह बांधायचे होते, ते कधी झालेच नाही. भोजनगृहात शिरताच मंद, समान प्रकाश जाणवतो आणि खिडक्या मात्र दिसत नाहीत; खोल कोनाड्यांत लपलेल्या अरुंद खिडक्या पुढे चालत गेल्यावरच एकेक करून उघड होतात. इथे घाई करणाऱ्या गटांना पुढे जाऊ द्यावे आणि दोन गटांमधली मोकळीक साधावी.

उतरताना एक प्रचंड लाकडी चाक लागते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1863 पर्यंत हा मठ तुरुंग होता. कैदी या चाकाच्या आत चालत राहत आणि त्या जोरावर सामानाची गाडी खडकावरील उतारावरून वर ओढली जाई. बहुतेक जण येथे छायाचित्र काढून निघतात. माझ्या मते हे चाक त्या तुरुंगाची कहाणी कोणत्याही फलकापेक्षा अधिक सांगते. पूर्ण मठ पाहण्यास दीड ते दोन तास धरावेत.

वडीलधाऱ्यांना घेऊन येणाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी : मठापर्यंत सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत आणि दगड पावसात निसरडे होतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पुलावरून आणि खालच्या गावातून बेट पाहावे; आग्रहाने वर नेऊ नये.

गावातल्या मुख्य गल्लीबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. दुपारी ती स्मरणवस्तूंच्या दुकानांमधून ढकलत जावी अशी असते, आणि जेवणाचे दर दर्जापेक्षा जागेचे असतात. चढताना गल्ली टाळून तटबंदीवरून जावे. शाकाहारी मंडळींसाठी चीज किंवा मशरूम घातलेले गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे पातळ धिरडे, हा उत्तम पर्याय आहे, आणि ते मुख्य भूमीवर बरे व स्वस्त मिळते. मांसाहारी मंडळींनी खाऱ्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांचे मांस तिकडेच चाखावे. मुक्कामासही तोच न्याय. बेटावरच्या मोजक्या हॉटेलांत रात्रीच्या निवांत गल्ल्या मिळतात, परंतु सामान पायऱ्यांवरून स्वतः वाहावे लागते. पुलाच्या अलीकडची हॉटेले सोयीची आहेत आणि नऊ किलोमीटरवरचे पोंतोर्सों सर्वांत परवडणारे.

ओहोटीत वाळूवर उतरून बेटाभोवती फिरण्याचा मोह होईल. पाणी किती वेगाने फिरते आणि वाळू कुठे भुसभुशीत आहे हे नवख्याला कळत नाही, म्हणून प्रमाणित वाटाड्याशिवाय तसे करू नये. जेने गावाच्या बाजूने वाटाड्यांसोबत उपसागर पायी ओलांडण्याच्या फेऱ्या निघतात. मध्ययुगीन यात्रेकरू असेच वाळू तुडवत येत. दुसरा दिवस हाताशी असेल तर ही फेरी अवश्य करावी, आणि तिसरा असेल तर मठाची हस्तलिखिते जिथे जपली आहेत त्या आव्रांश शहरात घालवावा.