पाच महिने पोलरायझर: रानातल्या धबधब्यावरचा अनुभव

मार्लेश्वरला गेलेला प्रत्येक जण धारेश्वर धबधब्याचा फोटो काढतो. माझा जीव मात्र त्याच्या अलीकडे, रानवाटेवर लागणाऱ्या एका बिननावाच्या धबधब्यावर जडलाय. जेमतेम दोन पुरुष उंच. त्याच्यासाठीच जूनमध्ये ६७ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर घेतला आणि नोव्हेंबरपर्यंत अकरा वेळा तिथे गेलो.

आधीच्या फोटोंत पाणी बरं यायचं, पण पानं पांढरी पडायची. ओल्या पानावर आणि कातळावर आभाळच चमकत असतं ना! पहिल्या दिवशी फिल्टरची रिंग हळूहळू फिरवली आणि शेवाळ एकदम हिरवंगार झालं, डोहाच्या तळातले गोटे दिसू लागले. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या तिरक्या नजरेनं पाहिलं की चमक सर्वांत जास्त कापली जाते, म्हणून ट्रायपॉड खालीवर करून बघावा. मी चमक पूर्ण मारत नाही. कातळावर थोडी ठेवली नाही तर तो कोरडा वाटतो.

सोबत घेतलेला सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर, बॅगेतच राहिला. (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, वेळ दुप्पट.) आषाढात झाडीखाली आयएसओ १००, एफ/११ ला शटर १/८ सेकंद येतं. पोलरायझर दोनेक स्टॉप खातो, म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्यात एकेक धार सुटी दिसते. त्यावर एनडी चढवला की तीस सेकंद लागतात आणि पाण्याचा पिंजलेला कापूस होतो. मला तो अजिबात आवडत नाही.

तक्रारही आहे, आणि ती मोठी आहे. भाद्रपदात फिल्टर लेन्सवर असा घट्ट बसला की निघेना. शेवटी मेथीच्या जुडीचा रबर कडेला गुंडाळला, तेव्हा पकड मिळाली. ऑक्टोबरात दोन काचांमध्ये दमट हवा शिरून कडेला चंद्रकोरीसारखा धुरकट डाग उमटला. कंपनीनं वॉरंटी नाकारली. कोकणातल्या हवेत वस्तू वापरायची तर सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यातच ठेवायला हवी. ही चूक माझीही.

आणखी एक, फोटोपेक्षा महत्त्वाचं: वर घाटात पाऊस कोसळला की इथलं नितळ पाणी आधी गढूळ होतं, मग लोंढा येतो. तसं दिसलं की ट्रायपॉड उचलून लगेच काठावर या.

पुढच्या जूनला पुन्हा पोलरायझरच घेणार, पण पितळी रिंगचा. ती अशी अडकत नाही म्हणतात.