कनाल द्यु मिदी रोड बाइकवर: आधी कालवा, मग टेकड्या

दक्षिण फ्रान्समधला तुलूझ ते भूमध्य समुद्र हा कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठचा मार्ग फोटोंमध्ये पाहून अनेक जण रोड बाइक (अरुंद टायरची वेगवान सायकल) घेऊन निघतात. दोन्ही काठांना झाडं, संथ पाणी, चढ नावाला नाही. यातलं बरंचसं खरं आहे. पण 240 किलोमीटरची ही वाट सगळीकडे सारखी नाही. पहिले सुमारे पन्नास किलोमीटर डांबरी आहेत, पुढे बहुतांशी माती, मुळं आणि गोटे. म्हणून मत आधीच सांगून टाकतो: रोड बाइक असेल तर कालव्याच्या माथ्यापर्यंत, म्हणजे नोरूझपर्यंत कालवा धरा, तिथून आसपासच्या लोरागे या भागातल्या टेकड्यांत शिरा आणि पुढे कालव्याला ठरावीक ठिकाणीच येऊन भेटा. काठ न सोडता सगळा कालवा करायचा असेल तर ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटेसाठीची, रुंद टायरची सायकल) घ्या.

तुलूझ ते नोरूझ हा टप्पा उत्तम आहे. शहराच्या मध्यातूनच वाट सुरू होते. रामोनव्हीलपर्यंत धावणारे, कुत्री फिरवणारे आणि कामावर निघालेले सायकलवाले यांची गर्दी असते, तिथे वेगाचा विचार सोडून द्यावा. त्यानंतर वाट मोकळी होते. चढ जवळजवळ जाणवत नाही, कारण तुलूझपासून नोरूझपर्यंत उंची जेमतेम 55-60 मीटरने वाढते, आणि तीही लॉकपाशी (बोटींना वरखाली नेणाऱ्या दरवाजांच्या कुंडांपाशी) छोट्या टप्प्यांनी. लॉक आलं की वाट एकदम दोन-तीन मीटर वर जाते. तिथे गिअर आधीच हलका करून ठेवावा. जुन्या कमानी पुलांखाली मात्र सावध राहा. वाट अरुंद होते, वळण आंधळं असतं आणि पाण्याच्या बाजूला कठडा नसतो. घंटी वाजवूनच शिरायचं. फ्रान्समध्ये सायकलला घंटी कायद्यानेच लागते.

या टप्प्यातही डांबराखालून प्लेन वृक्षांची (चिनाराच्या जातीची झाडं) मुळं वर आली आहेत. सावलीच्या पट्ट्यांत ती दिसत नाहीत आणि ताशी 28-30 किलोमीटरच्या वेगाने पुढचं चाक आपटलं की बाटली पिंजऱ्यातून उडून थेट कालव्यात जाते. पिंजरा घट्ट पकडणारा हवा, आणि त्याचे बोल्ट निघण्यापूर्वी एकदा आवळून घ्यावेत.

नोरूझला थांबलंच पाहिजे. समुद्रसपाटीपासून साधारण 190 मीटरवरचा हा कालव्याचा सर्वोच्च भाग. इथे आलेलं पाणी एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे वाहतं. कालवा खणणं त्या काळीही जमण्यासारखं होतं. खरा पेच होता तो माथ्यावर बारमाही पाणी आणायचा. पिएर-पोल रिके या मीठकर वसूल करणाऱ्या माणसाने तो सोडवला: उत्तरेकडच्या मोंतान न्वार डोंगरातले ओढे अडवायचे आणि चरांमधून पाणी नोरूझला उतरवायचं. 1666 साली चौदाव्या लुईने मंजुरी दिली, 1681 साली कालवा खुला झाला. रिके त्याच्या आदल्याच वर्षी वारला.

म्हणूनच इथून टेकड्यांकडे वळण्यात अर्थ आहे. नोरूझहून सें-फेलिक्स, रेव्हेल, सें-फेरेओलचा तलाव आणि खाली कास्तेलनोदारी हा फेरा साधारण पन्नास किलोमीटरचा होतो, आणि कालव्याचं पाणी आलं कुठून हे तो पायांना समजावून सांगतो. लोरागेचा भूभाग म्हणजे गहू आणि सूर्यफुलांच्या लागोपाठ लाटा. एकेक चढ एक-दोन किलोमीटरचाच असतो, पण मध्येच सात-आठ टक्क्यांचा पट्टा येतो आणि माथ्यावर दम घ्यायच्या आत उतार सुरू होतो. गिअरच्या चक्रांना पुढे 50/34 आणि मागे 11-32 दात पुरतात. सामान लादलं असेल तर मागे 34 दातांचा गिअर हवा. सें-फेलिक्स गाव टेकडीच्या धारेवर आहे आणि तिथून मोंतान न्वारची काळसर भिंत समोर दिसते. रेव्हेलच्या चौकातला लाकडी तुळयांचा मध्ययुगीन बाजार-मंडप पाहून पुढची तीन-चार किलोमीटरची चढण धरली की तलाव येतो. सें-फेरेओलचं धरण 1667 ते 1672 या काळात बांधलं, आणि आजही कालव्याला इथून पाणी मिळतं. रेव्हेलकडून नोरूझला पाणी नेणाऱ्या चराच्या काठानेही वाट आहे. ती सुंदर आहे, पण कच्ची आणि नागमोडी, 25 मिमीच्या टायरसाठी नाही.

या भागातल्या छोट्या डी-रस्त्यांवर (जिल्हा रस्त्यांवर) गाड्या कमी असतात, पण रस्ता बऱ्याचदा डांबरावर खडी दाबून केलेला असतो. तो खरखरीत असतो आणि टायर जास्त फुगवले तर हात बधिर होतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली तर खडी नुकतीच टाकली आहे असं समजा: उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. गावांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाटी किंवा आखणी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला अग्रक्रम असतो, मग तो कितीही लहान गल्लीतून येत असो.

टायरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक सहली टायरवरच बिघडतात. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या स्वाराला 28 मिमी रुंद टायरमध्ये 70-75 पीएसआय हवेचा दाब, 32 मिमीमध्ये रस्त्यावर 60 आणि मातीवर 50च्या आसपास चालतं. ट्यूब असेल तर मातीवर याहून कमी करू नका. मुळावर आपटून रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, तिथे एक पॅच पुरत नाही. ट्यूबलेस टायर असेल तर हा त्रास जातो, आणि काठावरच्या झुडपांचे काटेही आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) पचवतं. तरी एक सुटी ट्यूब जवळ हवीच, कारण टायरची बाजू फाटली तर सीलंटचा उपयोग नाही. पावसानंतर कच्च्या वाटेवर जाऊच नये. लोरागेची चिकणमाती टायर आणि फोर्कच्या मधल्या जागेत थरावर थर बसत जाते आणि रिम ब्रेकच्या सायकलचं चाक अक्षरशः अडकतं. काडीने खरवडून काढली तरी शंभर मीटरवर पुन्हा तेच.

कास्तेलनोदारीत कॅसुले खाणार असाल तर दिवस संपवूनच खा. पांढऱ्या घेवड्याचं, बदकाच्या आणि डुकराच्या मांसाचं ते जड भांडं दुपारी रिचवून सायकल चालवणं अवघड.

पुढे कार्कासोनपर्यंतचा काठ रोड बाइकसाठी बरा म्हणण्याजोगाही नाही. वाट काही ठिकाणी हँडलच्या रुंदीपेक्षा थोडीच मोठी, मध्ये गवत, बाजूला पाणी. ग्रॅव्हल बाइकवरही ताशी 12-15च धरून चाला. रस्त्याने जाणार असाल तर डी 6113 टाळा, कारण ट्रक सगळे तिथेच असतात. उत्तरेकडचे लहान रस्ते घ्या. कार्कासोननंतर सावलीचं गणित बदलतं. 2006 साली त्रेबजवळ प्लेन वृक्षांना बुरशीचा असाध्य रोग सापडला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. नवी लावली आहेत, पण लांबच लांब पट्टे उघडे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारी चालवू नये. मे, जून किंवा सप्टेंबर चांगले.

आर्जांपासून बेझिएपर्यंत 54 किलोमीटर एकही लॉक नाही. उंची न सोडता कालवा टेकड्यांना वळसे घालत जातो, त्यामुळे काठाने अंतर बरंच वाढतं. इथे रस्त्याने जाऊन तीन ठिकाणी कालव्याला भेटा: पाराझाजवळचा रेप्युद्र ओढ्यावरचा 1676चा जलसेतू, ल सोमाय गाव आणि मालपाचा बोगदा. मालपाच्या टेकडीवरून मोंताडीचं तळं दिसतं. तेराव्या शतकात कोरडं केलेलं हे तळं आता मध्यबिंदूकडे निमुळत्या होत जाणाऱ्या शेतांचं मोठं चक्र आहे. त्याचं पाणी काढणारा बोगदाही याच टेकडीखालून जातो.

बेझिएला फोंसेरानच्या लॉक-पायऱ्यांपाशी सायकलवरून उतरून चाला, गर्दीच तशी असते. आठ अंडाकृती कुंडं बोटींना 21 मीटरहून जास्त उतरवतात. हा आकार नुसता शोभेचा नाही. सुरुवातीच्या लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली, म्हणून रिकेने पुढची लॉक बाहेर फुगवलेली बांधली. बाहेर फुगलेली भिंत आडवी कमान बनते आणि मागच्या मातीचा दाब टोकांकडे वाटला जातो.

वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशीच पाहावा. पश्चिमेचा सेर्स वारा असेल तर तुलूझकडून समुद्राकडे जाताना पाठबळ मिळतं. आग्नेयेचा ओतां सुटला की तो कित्येक दिवस टिकतो, आणि मग दिशा उलटवणंच शहाणपणाचं.

पाणी लॉकवरच्या नळांना मिळतं, पण 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) लिहिलेल्या नळाचं पिऊ नये. गावातल्या स्मशानभूमीतही बहुधा नळ असतो. दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीचशी बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळीच खाणं भरून ठेवा. परतीला सेत, बेझिए, नारबोन आणि कार्कासोनहून तुलूझकडे प्रादेशिक रेल्वे आहे. तिच्यात सायकल सुटी न करता चढवता येते, पण जागा मोजक्या असतात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी सकाळची गाडी धरा आणि पॅनियर (सायकलला लावलेल्या सामानाच्या पिशव्या) फलाटावरच काढून हातात घ्या.