साकीनाक्याच्या गाळ्यातला कंपोझिटचा वर्ग: हात इथे शिकवा, गणित घरून न्या

आधी निकाल सांगते, कारण फी पाच आकडी आहे आणि बरेच जण खिसा बघूनच ठरवणार. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला कंपोझिट मटेरियल्स (काच किंवा कार्बनचे तंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकमध्ये, बसवून केलेलं साहित्य) हा विषय घेतला असेल, किंवा नोकरीत एफआरपीचे, म्हणजे बोलीतल्या ‘फायबर’चे, पार्ट काढावे लागत असतील, तर हा शनिवार-रविवारचा वर्ग जरूर करा. विषयाची सुरुवातच इथून करायचा बेत असेल तर मात्र थांबा. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्यानं फुकट बघता येतात. ती पचवून मग या. पाचपैकी साडेतीन तारे.

मी नोकरीवाल्या गटातली. पॅकिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे. गार्ड, कव्हर, हॉपरची झाकणं हे सगळं माझ्या टेबलावर येतं. कॉलेजात हा विषय ऐच्छिक म्हणून घेतला होता आणि मार्कही बरे पडले होते. एबीडी मॅट्रिक्स (थरांच्या पट्टीचा कडकपणा मांडणारं गणित) कागदावर झरझर मांडता यायची, पण काचेची मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चादर, कधी हातात धरली नव्हती. आपल्याकडे हा विषय बहुतेकांचा असाच होतो, त्यात नवल नाही.

जागा साकीनाका मेट्रो स्टेशनवरून चालत जाण्यासारखी. दोन गाळे एकत्र केलेत. पोटमाळ्यावर फळा आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खाली प्रत्यक्ष काम. वर एक सर शिकवतात, खाली मिस्त्री. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथे जमीनच वरचढ.

मिस्त्रींचा पहिला धडा रसायनांचा. पॉलिएस्टर रेझिनला दोन गोष्टी लागतात: जांभळट कोबाल्ट, म्हणजे ॲक्सिलरेटर, आणि पाण्यासारखं दिसणारं एमईकेपी, म्हणजे कॅटॅलिस्ट. या दोन्ही बाटल्या त्यांनी गाळ्याच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्यात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच एमईकेपी घालायचं, तेही साधारण १ ते २ टक्के. दोन्ही थेट एकमेकांत पडली तर भडका उडू शकतो. ‘एकाच माणसाच्या दोन हातांत या दोन बाटल्या दिसल्या तर त्या माणसाला मी बाहेर काढतो,’ हे त्यांनी हसत सांगितलं, पण डोळे हसत नव्हते. आमच्या पुस्तकात क्युरिंगची, म्हणजे रेझिन घट्ट होण्याची, रासायनिक साखळी अर्धं पान होती. ही ओळ त्यात नव्हती.

मग मॅट. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे तुकडे केलेल्या तंतूंची. मोल्डला वॅक्स पॉलिश, त्यावर जेलकोट (पार्टचा बाहेरून दिसणारा थर), तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका सुकला की आधी रेझिनचा हात आणि मगच मॅट. आपण सहज उलटं करायला जातो, म्हणजे मॅट अंथरून वरून रेझिन ओततो. मिस्त्री म्हणाले, ‘वरून ओतलंत तर हवा जाणार कुठे? खालून वर आणा.’ आणि खरंच, बघत राहावं असं ते होतं. पांढरीशुभ्र मॅट खालून भिजत येते, आधी करडी होते, मग काच दिसेनाशी होऊन खालचा जेलकोट दिसायला लागतो. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा अडकली. त्यावरून खाचांचा रोलर फिरवायचा. मी जोर लावायला लागले तर लगेच टोकलं, ‘ताई, चोळू नका. नुसता फिरवा.’ चोळलं की भिजून सुटे झालेले तंतू रोलरबरोबर ओढले जातात आणि एका जागी मॅट पातळ, शेजारी गोळा.

एका मुलाने विचारलं, हीच मॅट इपॉक्सीत, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये, चालेल का? मिस्त्री म्हणाले, ‘कडकच राहते, बसत नाही.’ वरच्या सरांनी कारण सांगायला हवं होतं, ते राहिलं. म्हणून इथे लिहिते: मॅटचे तंतू धरून ठेवणारा जो बाइंडर असतो तो बहुधा स्टायरीनमध्ये विरघळतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, इपॉक्सीत नसतं. इपॉक्सीला विणलेलं कापड घ्यावं. कॉलेजच्या प्रोजेक्टला एलवाय ५५६ (इपॉक्सी) आणि एचवाय ९५१ (ते घट्ट करणारा हार्डनर) ही जोडी १०० ला १० या वजनी प्रमाणात वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. आणि उरलेलं रेझिन मगमध्ये तसंच सोडू नका. जाड थरात उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग तापतं आणि धुरावतं. पसरट ट्रेमध्ये ओतून ठेवा.

आता पोटमाळा. सर मनमिळाऊ आहेत, स्लाइडही देखण्या आहेत. बोइंग ७८७ मध्ये वजनाने निम्मं कंपोझिट, तेजस विमानाच्या सांगाड्यातलं कंपोझिट, हे सगळं आलं. पण ‘फायबर लोखंडापेक्षा मजबूत’ हे वाक्य इतक्यांदा आलं की शेजारचा डिप्लोमाचा मुलगा ते वहीत चौकटीत लिहीत होता. तंतूबद्दल ते खरं आहे. ई-ग्लासच्या नव्या तंतूची ताणशक्ती ३००० मेगापास्कलच्या वर जाते, साध्या पोलादाची ४०० च्या आसपास. पण पार्ट म्हणजे नुसता तंतू नव्हे. आणि कव्हर, गार्ड असल्या पार्टमध्ये आधी प्रश्न येतो तो मजबुतीचा नाही, कडकपणाचा. दाबलं की वाकतं का?

उत्तर त्याच गाळ्यात होतं, फक्त ते कोणी मांडलं नाही. आम्ही केलेल्या फायबरच्या पत्र्यातून कापलेले तुकडे भट्टीत जाळून बघितले. याला बर्न-ऑफ टेस्ट म्हणतात: साधारण ५६५ अंशांवर रेझिन जळून जातं, काच उरते. आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं. आमच्या तुकड्यात वजनाने ३२ टक्के काच निघाली आणि सगळे खूश झाले. पण काचेची घनता २.५४, रेझिनची साधारण १.२. म्हणजे आकारमानाने काच फक्त १८ टक्के, बाकी सगळं रेझिन.

पुढचं गणित मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर केलं. काचेचा मोड्युलस, म्हणजे कडकपणाचं माप, ७२ गिगापास्कल, रेझिनचा ३ धरू. मिश्रणाच्या नियमाने तंतूंच्या दिशेने १५.४ येतो, आडव्या दिशेने ३.६. मॅटमध्ये तंतू सगळीकडे विस्कटलेले, म्हणून पहिल्याचे तीन-अष्टमांश आणि दुसऱ्याचे पाच-अष्टमांश घेतले की जेमतेम ८ गिगापास्कल. पोलादाचा २००. पंचवीस पट फरक! वाकण्यातला कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे १ मिलीमीटर पोलादी पत्र्याच्या जागी फायबर जवळपास ३ मिलीमीटर लागेल. तरीही वजन पत्र्याच्या साधारण ५४ टक्केच भरतं. फायबर का वापरावं याचं खरं उत्तर हे आहे, आणि ते ‘लोखंडापेक्षा मजबूत’ यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे. व्हेंडरने दीड मिलीमीटरचं कव्हर पाठवून ‘मॅडम, फायबर आहे, काही होत नाही’ म्हटलं तर आता काय विचारायचं ते मला पक्कं माहीत आहे.

सरांना न्याय म्हणून एक प्रयोग सांगायलाच हवा, तो वर्गातला सगळ्यात सुंदर. एकाच दिशेच्या कार्बनच्या दोन पट्ट्या, एक उभी एक आडवी, इपॉक्सीत बसवून ओव्हनमध्ये गरम क्युअर केल्या. थंड झाल्यावर पट्टी भाजलेल्या पापडासारखी वळली. शेजारची चार थरांची, उभी-आडवी-आडवी-उभी, टेबलावर सपाट. कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने तापमानाने जवळपास बदलतच नाही, आडव्या दिशेने रेझिन आकसतं. थर मध्यापासून सारखे नसले की ही ओढाताण वाकण्यात उतरते. बी मॅट्रिक्स (एबीडीतला ताण आणि वाकणं जोडणारा भाग) शून्य का हवी, हे यापेक्षा स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही. पुढच्या बॅचला त्यांनी हे पहिल्याच तासाला दाखवावं.

व्हॅक्यूम इन्फ्यूजनचा, म्हणजे हवा काढून रेझिन आत ओढून घेण्याचा, दिवस लांबला, आणि लांबलाच पाहिजे. पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), जाळी, स्पायरल नळी, वरून फिल्म, कडेने चिकट टेप. पंप बंद करून गेजचा काटा बघत बसायचं. काटा खाली आला की गळती, मग कान लावून सूंऽऽ आवाज शोधायचा. रेझिन सोडल्यावर पहिला अर्धा भाग भराभर भरतो आणि लोक निर्धास्त होतात. पण वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो: अर्ध्या अंतराला लागला त्याच्या चौपट पूर्ण अंतराला. तोवर रेझिन जेल व्हायला नको. म्हणून नळ्या कुठे टाकायच्या याचा विचार आधी, ओतणं नंतर.

तारे कापले ते दोन गोष्टींसाठी. एक आधी सांगितली: कडकपणाचं गणित कोणी मांडलं नाही. दुसरी जास्त गंभीर: स्टायरीनच्या वासाला गाळ्यात एकच एक्झॉस्ट आणि हातात कापडी मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही, ग्राइंडरने उडणाऱ्या काचेच्या धुळीलाही पुरत नाही. एवढ्या फीमध्ये कार्ट्रिजचे मास्क द्यायला काय हरकत आहे? तोवर स्वतःचा न्या. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट न्या, आणि खाज सुटली तर चोळू नका, थंड पाण्याने धुवा.

जुलै-ऑगस्टची इपॉक्सीची बॅच टाळा. गाळ्यात एसी नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत हार्डनरमधला अमाइन ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतो. वर चिकट पांढरट थर येतो, पुढचा थर त्यावर नीट बसत नाही. पॉलिएस्टरचं काम पावसाळ्यातही निभतं, पण मॅट कोरडी ठेवावी लागते.

सर्टिफिकेट मिळतं, छान रंगीत आहे. इंटरव्ह्यूत त्यापेक्षा बर्न-ऑफचं गणित जास्त कामाला येईल. बॅच डझनभर जणांची आणि पंप एकच, त्यामुळे इन्फ्यूजनच्या दिवशी लवकर पोचा आणि टेबलाची गेजकडची बाजू धरा. मागे उभं राहिलात तर दिसतात फक्त इतरांच्या पाठी.