जिवंत उंदरातील जनुक पाहणारा कॅमेरा : वर्धा जिल्ह्यातून, दोन ऋतूंच्या वापरानंतर

वर्धा जिल्ह्यातील आमच्या ग्रामीण महाविद्यालयाच्या प्राणिगृहात जैवप्रदीप्ती, म्हणजे सजीवाच्या शरीरातून निघणारा प्रकाश, मोजणारे चित्रणयंत्र बसवल्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे. उणे 90 अंशांच्या आसपास थंड ठेवलेला, अंधुक प्रकाशही टिपणारा सीसीडी कॅमेरा, प्रकाशबंद पेटी, उंदरांसाठी गरम राहणारे फलक आणि आयसोफ्लुरेनची भूल देणारी जोडणी, एवढाच त्याचा पसारा आहे. आमचे उंदीर जनुकबदल केलेले असून त्यांच्यात सूज वाढली की जागा होणारा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा, काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाला जोडलेला आहे. या विकराचे इंधन असलेले ल्युसिफेरिन टोचले की ऑक्सिजन आणि एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या साहाय्याने जिथे हे विकर तयार झाले असेल तिथे प्रकाश निर्माण होतो.

यंत्राचा खरा लाभ असा की उंदीर मारावा लागत नाही. पूर्वी प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा गट बळी द्यावा लागे आणि प्राण्या-प्राण्यांमधील फरकच निष्कर्षात मिसळे. आता तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे स्वतःशीच ताडून पाहता येतो, त्यामुळे नीतिमत्ता समितीपुढे कमी प्राण्यांचा प्रस्ताव ठेवणे सोपे झाले.

मात्र पडद्यावरचा लाल-निळा रंग म्हणजे थेट जनुकाची अभिव्यक्ती नव्हे, हे नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावे लागते. दिसतो तो प्रमोटरच्या हालचालीचा पडसाद, आणि तोही ऊतींतून वाट काढत बाहेर आलेला. ल्युसिफेरिनची मात्रा शरीराच्या वजनाप्रमाणे, साधारण किलोला 150 मिलिग्रॅम, पोटात दिल्यावर प्रकाश हळूहळू चढतो आणि बहुधा दहा ते वीस मिनिटांच्या दरम्यान शिखर गाठतो. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी चढ-उताराचा आलेख काढून चित्रणाची वेळ ठरवावी लागते, नाहीतर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. रक्तातील हिमोग्लोबिन 600 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश गिळते. काजव्याच्या विकराचा प्रकाश शरीराच्या तापमानाला 612 नॅनोमीटरच्या आसपास सरकतो, हे आपले नशीबच म्हणायचे. तरीही दर सेंटिमीटर खोलीमागे तो सुमारे दहापटीने घटतो आणि काळी केसाळ त्वचा उरलेल्यातलाही बराच खाते. काळ्या जातीच्या उंदरांचे केस काढल्याशिवाय आम्ही चित्रण करतच नाही.

हिरव्या प्रथिनाची, म्हणजे जीएफपीची, प्रतिदीप्ती (बाहेरून प्रकाश टाकल्यावर उमटणारी चमक) याच यंत्रात पाहता येते, पण तिचा अनुभव फारसा सुखद नाही. त्वचा स्वतःच चमकते, आणि खाद्यात लसूणघास असेल तर त्यातील हरितद्रव्यामुळे पोट लालसर उजळून दिसते. त्यासाठी शुद्ध खाद्य मागवावे लागते, जे इथे महाग पडते. शिवाय जीएफपीचे अर्धायुष्य पेशीत सुमारे 26 तासांचे, तर ल्युसिफरेजचे जेमतेम तीन तासांचे, त्यामुळे जनुक बंद झाल्याचे ल्युसिफरेजच लवकर कळवते.

विदर्भात खरी कसोटी यंत्राची नव्हे, विजेची आणि शीतसाखळीची लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की वातानुकूलन थकते, आणि कूलर लावावा तर त्याचा ओलावा यंत्राच्या खोलीला चालत नाही. भारनियमनानंतर कॅमेरा पुन्हा थंड होईपर्यंत थांबावे लागते. साधा इन्व्हर्टर पुरत नाही, ऑनलाइन यूपीएस आणि त्यामागे जनरेटर हवाच. उणे 20 अंशांवर, अंधारात ठेवायचे ल्युसिफेरिन कोरड्या बर्फातून येते, आणि एकदा पुरवठादाराने शनिवारी रवाना केलेली पेटी सोमवारी बर्फ संपलेल्या अवस्थेत हाती आली. तेव्हापासून आम्ही आठवड्याच्या सुरुवातीलाच माल पाठवण्याची अट मागणीपत्रात घालतो.

त्वचेखालील गाठ, जखम वा सांध्यांची सूज यांवर काम असेल तर मी हे यंत्र निःसंकोच सुचवीन. यकृत किंवा फुप्फुसातील अचूक जागा आणि प्रमाण हवे असेल तर सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर या आयोडाइड पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक आणि तेच प्रथिन आत घेते ते किरणोत्सारी टेक्नेशियम-99एम यांचा मार्ग अधिक भरवशाचा आहे. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे असल्याने ते शहरातून गाडीने आणता येते. पेट स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी फ्लोरिन-18 चे मात्र 110 मिनिटांचे असल्याने प्रत्येक तासाच्या प्रवासात मात्रेचा सुमारे तिसरा हिस्सा वाटेतच सरतो. अर्थात टेक्नेशियमच्या मार्गासाठी लहान प्राण्यांचा स्पेक्ट स्कॅनर, म्हणजे शरीरातून येणाऱ्या गॅमा किरणांवरून त्रिमित चित्र काढणारे यंत्र, लागेल, आणि तो आमच्या अंदाजपत्रकात तूर्त बसत नाही.