ऊद सॅटिन मूड : गुलाब आणि अगरूचा सावकाश उलगडणारा सुगंध

पॅरिसच्या ‘मेझाँ फ्रान्सिस कुर्कजियान’ या सुगंधगृहाने २०१५ साली ‘ऊद सॅटिन मूड’ हे परफ्यूम बाजारात आणले. त्याच सुमारास आलेल्या त्यांच्या ‘बाकारा रूज ५४०’ला एवढी अफाट प्रसिद्धी मिळाली की हे दुसरे अपत्य काहीसे झाकोळले गेले. माझ्या मते मात्र गुलाब आणि ऊद या जोडीवर युरोपात जे काम झाले आहे, त्यात याचे स्थान फार वरचे आहे. सुगंधकार कुर्कजियान यांनी १९९५ साली, वयाची पंचविशी जेमतेम ओलांडलेली असताना, फॅशनकार ज्याँ पॉल गोतिए यांच्यासाठी ‘ल माल’ हे परफ्यूम रचून नाव कमावले होते. २००९ मध्ये त्यांनी स्वतःचे घराणे उभे केले आणि पुढे ऊदावर आधारलेली एक मालिकाच सिद्ध केली. त्या मालिकेत रेशीम, मखमल, कश्मीरी लोकर अशी वस्त्रांची नावे घेतलेली परफ्यूम आली. त्यांपैकी सॅटिनचे हे परफ्यूम सर्वांत गोड आणि सर्वांत दूरवर पसरणारे आहे.

येथे ऊद म्हणजे अगरू, हे आपल्याकडच्या वाचकांसाठी आधीच सांगायला हवे. आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतो तो ऊद म्हणजे लोबानाच्या जातीची राळ. तीही सयामी बेंझोइनच्या रूपाने याच कुपीत आहे, पण तिचे काम वेगळे आहे. अगरूच्या झाडाचे निरोगी लाकूड फिकट असते आणि त्याला जवळजवळ वासच नसतो. खोडाला इजा होऊन बुरशीचा संसर्ग झाला, की झाड स्वतःच्या बचावासाठी काळपट राळ तयार करते आणि तिच्यातून हा वास येतो. त्यात चामडे आहे, धूर आहे, ओल धरलेले लाकूड आहे आणि गोठ्याची आठवण करून देणारी प्राणिज छटाही आहे. गुलाब या सगळ्याला नेमका उपाय ठरतो, कारण दमास्क गुलाबाच्या तेलात केवळ फुलाची गोडी नसते. त्यात लिंबासारखी आंबट धार, मध आणि थोडा मसालाही असतो. ती आंबट धार ऊदाचा उग्रपणा कापते, मध त्याच्या चामड्याला मऊ करतो आणि उलट दिशेने ऊदाची जड द्रव्ये भराभर उडून जाणाऱ्या गुलाबाला तासन्‌तास धरून ठेवतात. आखाती देशांत ही जोडी पूर्वापार चालत आलेली आहे आणि तिथले पुरुष गुलाब लावताना क्षणभरही संकोचत नाहीत.

सॅटिन मूडमध्ये बल्गेरिया आणि तुर्कस्तान या दोन्ही देशांचे गुलाब वापरल्याचे कंपनी सांगते. या फुलांची तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर, पहाटे, ऊन चढण्यापूर्वी होते आणि एक किलो तेलासाठी साधारण ३,००० ते ४,००० किलो फुले लागतात. मनगटावर पहिला फवारा मारल्यावर मात्र गुलाबाच्या आधी व्हायोलेट हे फूल पुढे येते : किंचित धातूसारखे, पावडरचा भास देणारे, जांभळ्या रंगाची आठवण करून देणारे. पाच-दहा मिनिटांत त्याखालून गुलाब वर येतो आणि तो ताज्या पाकळीचा नसून शिजलेला, मुरलेला असतो. गुलकंदाच्या बरणीचे झाकण काढल्यावर येतो तसा. ऊद या टप्प्यावर जवळजवळ लपलेला असतो. नाक मनगटाला टेकवले तर गोडीच्या तळाशी एक कोरडी, काष्ठमय रेघ जाणवते, आणि माझ्या दृष्टीने या रचनेचे सगळे कौशल्य त्या एका रेघेत आहे. ती नसती तर हे परफ्यूम मिठाईच्या दुकानात जाऊन बसले असते. तिच्यामुळे व्हॅनिला आणि बेंझोइन यांची गोडी सरळ उभी राहते, सांडत नाही. संध्याकाळी लावलेला सुगंध रात्री झोपताना त्वचेवर असतोच. सुती ओढणीवर तर तो दुसऱ्या दिवशीही ओळखू येतो, तेव्हा गुलाब विरलेला असतो आणि व्हॅनिलात भिजलेले लाकूड तेवढे मागे राहिलेले असते.

हे परफ्यूम कोणाला शोभेल, हा प्रश्न विक्रेते ‘राजेशाही व्यक्तिमत्त्व’ या दोन शब्दांत मिटवून टाकतात आणि ते मला मुळीच पटत नाही. सोनेरी झाकण आणि अरबस्तानच्या कल्पना यांवरून हा निष्कर्ष काढला जात असावा. प्रत्यक्षात हा सुगंध स्वतःच एवढा भरजरी आहे की भपक्याची आवड असलेल्या माणसावर तो जास्तीचा होतो. त्याला हवी असते ती सावकाश वागणारी, बैठक असलेली व्यक्ती : जी आल्या आल्या सगळ्यांचे लक्ष वेधून घेत नाही, पण तिच्याशेजारी तासभर बसल्यावर उठावेसे वाटत नाही. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापिका हे लावतात. सभेत त्या शेवटी बोलतात आणि थोडेच बोलतात. फिकट रंगाची सुती साडी, कानात मोत्याच्या कुड्या, बाकी काही नाही. त्यांच्या अंगावर व्हॅनिला मागे सरते, ऊदाची कोरडी रेघ ठळक होते आणि संपूर्ण सुगंधाला एक प्रकारचा अधिकार येतो. हाच फवारा सतत घाईत असणाऱ्या, पाचव्या मिनिटाला घड्याळ पाहणाऱ्या तरुणावरही मी अनुभवला आहे. तिथे माणूस पुढे निघून जातो आणि सुगंध खोलीतच बसून राहतो, दोघांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. हा वयाचा प्रश्न मानू नये. पंचविशीतही निवांत माणसे असतात, आणि अशा एखाद्या तरुणाने साध्या पांढऱ्या कुडत्यावर हे लावले तर ते फार देखणे दिसेल, असे मला मनापासून वाटते. गुलाब बायकांचा आणि ऊद पुरुषांचा ही वाटणी तर इथे टिकतच नाही, कारण दोहोंपैकी एकालाही बाजूला काढता येत नाही.

ज्यांना ऊद अधिक मोकळेपणाने हवा आहे, त्यांनी ‘मोंताल’चे ‘ब्लॅक ऊद’ पाहावे; त्यात गुलाब आणि ऊद पॅचूली या मातकट वासाच्या पानांच्या जोडीने सरळ समोर उभे राहतात आणि गोडी फारशी नाही. ज्यांना हीच जोडी हलक्या हाताने हवी आहे, त्यांना ‘जो मलोन’चे ‘व्हेल्वेट रोझ अँड ऊद’ रुचेल, कारण त्यातली लवंग गुलाबाला चांगली धार देते. अत्तराची सवय असलेल्या मराठी नाकाला आणखी एक मार्ग खुला आहे. हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर लावले जाणारे गुलाबाचे अत्तर आपल्याला परके नाही, आणि आसामचे अगरू व मुंबईचा अत्तरबाजार यांचे नातेही जुने आहे. आज आखातात मोठे नाव असलेल्या ‘अजमल’ या घराण्याची सुरुवात आसामातून आलेल्या संस्थापकाने १९५१ च्या सुमारास मुंबईतच केली होती. मोहम्मद अली रोडवरच्या एखाद्या जुन्या दुकानात काचेच्या काडीने मनगटावर आधी ऊद आणि वर गुलाब लावून घ्यावा. त्यानंतर सॅटिन मूडचा वास घेतला, म्हणजे कुर्कजियान यांनी कोणता खडबडीतपणा घासून काढला आहे आणि त्या जागी काय भरले आहे, ते नेमके कळते. माझे स्वतःचे मन अजूनही अधूनमधून त्या खडबडीतपणाकडे ओढ घेते, हे सांगायला हवे.

आपल्या हवामानात हे परफ्यूम बेताने वापरावे लागते. मुंबईच्या मे महिन्यात, दमट दुपारी, त्याची गोडी अंगावर येते; पुण्या-नाशिकच्या थंडीत किंवा कोजागरीच्या रात्री गच्चीवर ते पूर्ण खुलते. दोन फवारे पुरेसे आहेत, तिसरा बंद खोलीत इतरांना त्रासाचा होईल, आणि वातानुकूलित कार्यालयात तर ते मी मुळीच सुचवणार नाही. पैठणीवर किंवा कोणत्याही रेशमावर थेट फवारू नये, डाग पडण्याची भीती असते. कानामागे आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावले की पुरते. किंमत भारतीय रुपयांत पाच आकड्यांच्या घरात जाते आणि ती सर्वांना परवडण्यासारखी नाही, म्हणून ७० मिलिलिटरची कुपी घेण्यापूर्वी दोन मिलिलिटरचा नमुना मिळवून तो वेगवेगळ्या हवेच्या निदान दोन संध्याकाळी लावून पाहावा. कागदाच्या पट्टीवर केलेली निवड इथे उपयोगाची नाही, कारण पट्टीवर व्हायोलेट आणि व्हॅनिला तेवढे कळतात. ऊदाला त्वचेची ऊब मिळाल्याशिवाय तो पुढे येत नाही.