पॉम्पेईला गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

इटलीत नेपल्सला जाणारे बरेच जण विचारतात की गाईडवर पैसे घालवायचे का. आईबाबांना घेऊन पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली दोन्ही प्राचीन रोमन शहरं बघून आलेय म्हणून सांगते, पॉम्पेईला गाईड घ्याच, हर्क्युलेनियमला नाही घेतला तरी चालतंय.

पॉम्पेई अफाट आहे, जवळपास 66 हेक्टर, त्यातला तिसरा हिस्सा अजून खोदलेलाच नाही तरी पाय दुखून येतात. पहिल्या दिवशी नुसता नकाशा घेऊन फिरलो आणि तासाभरात सगळ्या भिंती सारख्याच दिसायला लागल्या, बाबा तर सावली शोधून बसलेच. दुसऱ्या दिवशी परवानावाली गाईड घेतली, तिने आदल्या दिवशी आम्ही दोनदा तुडवलेल्या रस्त्यावरच थांबवलं आणि म्हणाली खाली बघा. रस्त्याच्या मधोमध उंच दगड आहेत ते पाय न भिजवता पलीकडे जायला, त्यांच्यामधल्या फटीतून गाड्यांची चाकं जायची आणि त्या चाकांनी दगडात वीतभर चर पाडलेत. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो, ती खरीखुरी चाकोरी मी तिथे हात लावून बघितली! फरशांमध्ये बसवलेले पांढरे खडे चांदण्यात वाट दिसावी म्हणून, हेही तिनेच दाखवलं.

आता ग्रुप टूर की प्रायव्हेट? ग्रुप स्वस्त पडतो, पण कानात इअरफोन आणि झेंड्यामागे पळापळ, वयस्कर माणसं मागे राहतात. दोन कुटुंबांनी मिळून प्रायव्हेट घेतला तर परवडतो. ऑडिओ गाईड माहिती बरी देतो, पण बाबांनी विचारलं पाणी घरोघर कसं पोचायचं, तेव्हा शिशाचे पाईप शोधून दाखवायला माणूसच लागतो. रोमहून एका दिवसात जाऊन येणारी बस टूर मात्र नको, निम्मा दिवस बसमध्येच जातो.

हर्क्युलेनियम लहान आहे, स्टेशनपासून सरळ उतार, दहा मिनिटं. इ.स. 79 साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते 20 मीटर गाडलं गेलं, त्यामुळे लाकूड कोळसा होऊन टिकलंय, दारं, खाटा, वरचे मजलेसुद्धा. इथे घर घरासारखंच दिसतं, समजावून सांगायला फारसं कोणी लागत नाही. खाली समुद्राकडच्या कमानींमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे 300 लोकांचे सांगाडे सापडले, तिथे तर कोणी बोलूच नये असं वाटतं.

अजून एक, दोन्हीकडच्या टूरमध्ये नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम सहसा नसतं, त्याला वेगळा अर्धा दिवस ठेवा. पॉम्पेईत 1938 मध्ये सापडलेली वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती त्या म्युझियमची आहे आणि तशाच मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला सापडल्यात. मराठवाड्याच्या माणसाने ती चुकवू नये. म्युझियम मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून तिकिटं काढा.