लिंडा मारचा पॅडल-आउट क्लास: लाँगबोर्ड घेऊन लाटांच्या पलीकडे कसं जायचं, एवढंच शिकवतात (रिव्ह्यू)

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात सर्फिंग शिकणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय, कारण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तोच प्रश्न विचारतं की सांताक्रूझच्या काउल्स बीचला तर मस्त जमत होतं, मग पॅसिफिका गावच्या लिंडा मार बीचला गेल्यावर अख्खी सकाळ फेसातच मार खाण्यात का गेली. ह्या क्लासमध्ये त्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. इथे उभं राहायला शिकवत नाहीत, लाट पकडायलाही शिकवत नाहीत, नऊ फुटी बोर्ड घेऊन फुटणाऱ्या लाटांमधून पलीकडे कसं पोचायचं तेवढंच, पूर्ण सकाळभर. मला विचाराल तर नवीन लाँगबोर्डरने पैसे घालवायचेच असतील तर ह्याच्यावर घालवावेत, दुसरा बोर्ड घेण्यावर नाही.

आधी हे का लागतं ते सांगते. सांताक्रूझचं काउल्स म्हणजे पॉइंट ब्रेक, लाट एका बाजूने फुटत फुटत जाते आणि तिच्या बाजूने शांत पाण्यातून आरामात बाहेर जाता येतं, चांगला दिवस असेल तर डोकंसुद्धा भिजत नाही. पॅसिफिका गावातलं लिंडा मार तसं नाहीये. हायवे १ ला लागून वाकडा पसरलेला वाळूचा किनारा, उत्तरेला रॉकअवेचा डोंगर, दक्षिणेला पेड्रो पॉइंट, आणि मधे सगळा बीच ब्रेक, म्हणजे लाटा वाळूच्या तळावर जिथे तिथे फुटतात. पाण्याखालचे वाळूचे बांध सरकत राहतात त्यामुळे मागच्या रविवारी जिथून वाट मिळाली तिथे ह्या रविवारी भिंत उभी असते. त्यात लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वा-दीडपट खोल पाण्यात आली की फुटते. म्हणजे तीन फुटांची लाट जेमतेम चार फूट पाण्यात फुटणार, आणि माझ्या उंचीच्या बाईचे पाय नेमके तिथेच सुटायला लागतात. चालता येत नाही, पॅडलला (बोर्डवर पालथं झोपून हातांनी वल्हवणं) वेग आलेला नाही, आणि समोरून फेस. सगळ्यांची दमछाक होते ती इथे.

शॉर्टबोर्डवाले अशा वेळी डक डाइव्ह करतात, बोर्डाचं नाक दाबून लाटेखालून निघून जातात. लाँगबोर्डला ते जमत नाही आणि हा ताकदीचा प्रश्न नाहीये, साधं गणित आहे. क्लासमधले फोमचे बोर्ड ऐंशी लिटरच्या आसपासचे होते, असा बोर्ड पूर्ण पाण्याखाली न्यायचा तर बोर्डाचं स्वतःचं वजन वजा करूनही सत्तर किलोच्या वर जोर लागतो, माझं अख्खं वजन तेवढं नाही. कोचने हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगून टाकलं ते मला फार आवडलं, कारण व्हिडिओ बघून येणारे निम्मे लोक नाक दाबायचाच प्रयत्न करत असतात आणि आपण कमी पडतोय असं समजतात.

पहिला बराच वेळ पाण्यात जायचंच नाही. वेटसूट (थंड पाण्यासाठीचा रबरी सूट) घालून वाळूवर उभं राहायचं आणि बघायचं. आमच्या बॅचमधल्या एकदोघांची चुळबुळ सुरू झाली, पैसे भरलेत आणि उभं काय करून ठेवलंय म्हणून, पण माझ्या मते क्लासचा सगळ्यात किमती भाग हाच. लाटा एकसारख्या येत नाहीत, मोठ्या लाटांचा एक घोळका येतो त्याला सेट म्हणतात, मग थोडा वेळ पाणी निवतं तो लल. सेटमध्ये किती लाटा आल्या, दोन सेटच्या मधे किती वेळ गेला हे प्रत्येकाने मोजून सांगायचं. शिवाय निघायच्या आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉयचं, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग (नंबर ४६०२६) बघायला लावलं. पिरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) चौदा-पंधरा सेकंदांचा असेल तर स्वेल, म्हणजे समुद्रातून येणारी लाटांची उसळ, लांबून आलेला, लाटेत दम जास्त पण मधे श्वास घ्यायला जागा असते. आठ सेकंदांचा असेल तर जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा, छोट्या असल्या तरी एकामागून एक येतच राहतात आणि नवशिक्याला त्याच जास्त दमवतात. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, मी फक्त उंचीचा आकडा बघून जायचं की नाही ते ठरवायचे.

माझ्याबरोबर मालवणची मावसबहीण होती, ती म्हणाली अगं हे तर आमच्याकडे होडी ढकलताना बघतात तेच! तिचे आजोबा किनाऱ्यावर होडीला हात लावून उभे राहायचे, मोठ्या लाटा जाऊ द्यायचे आणि मग एकदम सगळ्यांना ढकला म्हणून ओरडायचे. इथेही अगदी तेच आहे, फक्त एक बारकावा, शांत झाल्यावर निघायचं नाही. सेटची शेवटची लाट फुटत असतानाच चालायला लागायचं, म्हणजे फुटण्याच्या पट्ट्यात पोचेपर्यंत लल सुरू झालेला असतो. शांत पाणी बघून निघालात तर नेमके पुढच्या सेटच्या तोंडात जाता.

वाट कुठून काढायची तेही वाळूवरूनच. जिथे फेस कमी, पाणी थोडं काळपट आणि पृष्ठभाग खडबडीत दिसतोय तिथे खोली जास्त असते आणि किनाऱ्यावर साठलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. पोहणाऱ्याला आपण ह्याच ओढीपासून लांब ठेवतो. बोर्डवाला तीच ओढ वापरून कमी कष्टात बाहेर जातो, मात्र परत येताना तिथून यायचं नाही, बाजूला सरकून फेसाबरोबर यायचं. मावसबहिणीला हे पटायला वेळ लागला, कोकणात लहानपणापासून ओढीची भीतीच घातलेली असते, आणि पोहायला गेल्यावर ती असायलाच हवी.

मग पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत बोर्ड आपल्या बाजूला धरून चालायचं, नाक सरळ लाटेकडे, आणि बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मधे आडवा येऊ द्यायचा नाही, नाहीतर तो थेट पोटात किंवा तोंडावर येतो. फेस आला की शेपटी दाबून नाक उचलायचं. बोर्डवर आडवं झाल्यावर बोर्डाचं नाक पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहील असं झोपायचं. नवीन लोक भीतीने मागे सरकून झोपतात, नाक आभाळात जातं आणि अख्खा बोर्ड ब्रेक लावल्यासारखा फेसाला थटतो. हात पुढे लांब टाकून मांडीपर्यंत ओढायचा, घाईघाईत पाणी थोपटून काही होत नाही. फेस पोचायच्या आधीचे तीन-चार हात सगळ्यात जोरात मारायचे कारण वेग नसेल तर पुढची कुठलीच युक्ती चालत नाही. हे कोचने इतक्यांदा ओरडून सांगितलं की घरी आल्यावरही कानात तेच वाजत होतं.

गुडघ्याएवढा फेस असेल तर पुश-अप. दोन्ही हातांनी रेल (बोर्डाच्या बाजूच्या कडा) धरून छाती आणि पोट उचलायचं, फेस बोर्ड आणि अंगाच्या मधल्या फटीतून निघून जातो, लगेच परत पॅडल. लाट अजून फुटली नसेल, नुसती फुगून येत असेल तर काहीच करायचं नाही, सरळ तिच्यावर चढून पलीकडे.

त्याच्यापेक्षा मोठं काही आलं की टर्टल रोल, आणि हा रोल ज्या बारकाईने शिकवतात त्याच्यासाठीच मी चार स्टार देतेय. बोर्ड उलटा करून आपण त्याच्या खाली लटकायचं, फिन (तळाची पाती) वर, फेस बोर्डाच्या तळावरून जातो, मग परत सुलटं होऊन पॅडल, ऐकायला एवढंच आहे. पण तो जमतो की नाही हे हातांवर असतं. मी खांद्याजवळ रेल धरत होते आणि दर वेळी बोर्ड सुटत होता. फोमच्या बोर्डाची कड तीन इंचाहून जाड असते, माझी बोटं खालून पुरतच नाहीत. कोचने माझे दोन्ही हात धरून एक वीत पुढे, नाकाच्या बाजूला सरकवले. तिथे बोर्ड निमुळता आणि पातळ होतो, चार बोटं खालून नीट अडकतात, अंगठा वर. बस, एवढंच, त्याच्यानंतर बोर्ड एकदाही सुटला नाही. छोट्या हाताच्या लोकांनी, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच बायकांनी आणि मुलांनी, हे लक्षातच ठेवा, पुस्तकी सूचना सहा फुटी माणसाच्या हाताला धरून लिहिलेल्या असतात.

बाकी वेळ कधी साधायची तर फेस एका बोर्डाच्या अंतरावर आला की. आधी उलटलात तर वेग मरतो आणि श्वासही वाया जातो, उशीर झाला तर फेस नाकाखाली घुसून बोर्ड उभा करतो. बोर्ड लाटेला अगदी काटकोनात हवा, थोडासा तिरका असला तरी फेस त्याला फिरवून हातातून काढून घेतो. खाली गेल्यावर कोपर वाकवलेले, बोर्ड छातीजवळ ओढलेला पण तोंडापासून लांब, आणि बोर्डाचं नाक थोडं खाली दाबून पुढे ढकलायचं म्हणजे फेस तळावरून सरकून जातो. पाय खाली सोडायचे, शरीर पाण्यात खोल राहिलं की तेच नांगराचं काम करतं आणि मागे कमी खेचलं जातं. खळखळाट डोक्यावरून पुढे गेला की पाय मारत सुलटायचं आणि खोकायच्या आधी पहिला हात टाकायचा. कोच छातीएवढ्या पाण्यात उभा राहून स्वतः प्रत्येकाच्या बोर्डाचं नाक ढकलून खोटी लाट करतो आणि चुकलं की तिथेच थांबवतो, खऱ्या लाटेत नेण्याआधी हे करणारा क्लास मी तरी दुसरा बघितलेला नाही.

बोर्ड सोडून देऊन लाटेखाली बुडी मारणं हा सोपा मार्ग वाटतो आणि त्यावर इथे पूर्ण बंदी आहे, बरोबरच आहे. नऊ फुटी बोर्ड, त्याला नऊ फुटी लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), वर तुमचा पाय, म्हणजे तुमच्या मागे वीस फुटांपर्यंत कोणाच्याही डोक्यात तो बोर्ड बसू शकतो. लीशही ताणून उलटी येते. वेटसूट घराघरात पोचवणाऱ्या जॅक ओनीलचा डावा डोळा १९७१ मध्ये सांताक्रूझला लीशमुळेच गेला, तेव्हाच्या लीश रबरी नळीच्या असायच्या. आताच्या युरेथेनच्या लीश बऱ्याच बऱ्या असल्या तरी उलट्या येणाऱ्या बोर्डापुढे हात डोक्यावर घेऊनच पाण्याबाहेर यायचं हे त्यांनी सवयीचं होईपर्यंत करून घेतलं.

आणखी एक गोष्ट जी खरं तर सगळ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगायला हवी: बाहेर जाताना समोरून कोणी लाटेवर येत असेल तर त्याच्या वाटेत जाऊन सुटायचा प्रयत्न करायचा नाही, त्याच्या मागे, फेसाकडे वळायचं आणि गुपचूप एक रोल खायचा. लिंडा मारला शनिवार-रविवारी इतकी गर्दी असते की भांडणं होतात ती बहुतेक ह्याच्यावरून.

आता एक स्टार का कापला. शेवटचा तास खऱ्या लाटांमध्ये असतो आणि तिथे कोच दोन आणि आम्ही खूप जास्त. दक्षिणेला पेड्रो पॉइंटच्या आडोशाला लाटा छोट्या असतात, तिथे सगळ्यांना नेलं ते योग्यच, पण एकाच पट्ट्यात एवढे नवीन लोक नऊ फुटी बोर्ड घेऊन उलटेपालटे होत होते की मी अर्धा वेळ लाटेऐवजी शेजाऱ्याकडे बघत होते. आधी बोर्ड सोडू नका म्हणून एवढं बजावायचं आणि मग सगळ्यांना दहा फुटांवर उभं करायचं हे मला अजिबात पटलं नाही, तिथेच तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि निम्म्या लोकांना थोडं उत्तरेला नेलं. हे आधीच व्हायला हवं होतं. दुसरं म्हणजे वेटसूट. इथलं पाणी वर्षभर साधारण ११ ते १४ डिग्री, आणि माझ्या मापाचा ४/३ (सूटची जाडी, मिलिमीटरमध्ये) संपला म्हणून पातळ ३/२ हातात ठेवला. वाळूवर एवढा वेळ उभं केल्यावर पातळ सूटमध्ये शेवटच्या तासाला बोटं वळत नाहीत आणि रोल सगळा बोटांवर आहे. फोन करून माप राखून ठेवा किंवा स्वतःचा घेऊन जा.

ज्यांना पोहता येत नाही त्यांनी अजिबात जाऊ नका, लीश आहे ना म्हणून चालत नाही, लीश तुटते. जे अजून एकदाही बोर्डवर उभे राहिले नाहीत त्यांनी आधी काउल्सला दोनतीनदा जाऊन मजा करून या, नाहीतर बाहेर जाऊन करायचं काय हेच कळणार नाही.

बुकिंग सकाळचंच घ्या. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पाणी सगळं उसळायला लागतं आणि सेट आणि लल ओळखणं शिकणाऱ्याला जवळजवळ अशक्य होतं. पार्किंगला पैसे पडतात आणि सुट्टीच्या दिवशी लवकर भरतं. आणि थंडीसाठी ग्लोव्हज घालणार असाल तर आधी किनाऱ्यावर ते ओले करून बोर्ड नाकाजवळ धरून बघा, जाड ग्लोव्हजमध्ये फोमची रेल सटकते, माझ्या बहिणीने शेवटी काढूनच टाकले.